चौथ्या चित्रातला झेंडा

आमच्या दुकानात वारा कायम डावीकडून उजवीकडे वाहतो. झेंडा निळा असो, पंचशील असो, भगवा असो नाहीतर कुठल्या पक्षाचा, काठी डावीकडे आणि कापड उजवीकडे. कोरलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये, मी एकदाच एक झकास झेंडा काढून ठेवला होता, त्याच्या लाटा अशा की बघत राहावं. तेव्हापासून फक्त रंग बदलायचा. दिग्रसमध्ये आणि आजूबाजूच्या गावांत जो फ्लेक्स लागतो, त्यावरचा झेंडा बहुतेक माझाच. याचा मला केवढा तोरा होता! आता त्या झेंड्याचं नाव काढलं तरी मान खाली जाते, म्हणून आधीच सांगून मोकळी होते.

मी साधना. बसस्टँडच्या मागे माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, राजदीपचं, दुकान आहे. तो छपाईचं मशीन पाहतो, मी कॉम्प्युटर. लोक काय काय काढून आणतात, बाप्पा! शाळेचं बोधचिन्ह वहीच्या शेवटच्या पानावर, लग्नपत्रिकेचा मोर पाकिटाच्या पाठीवर, कापसाच्या जिनिंगवाल्याचा छाप खोक्याच्या पुठ्ठ्यावर. मी तो कागद स्कॅन करते, पडद्यावर खाली अंथरते आणि त्याच्यावरून माउसनं एकेक रेघ नव्यानं ओढते. फोटो मोठा केला की फाटतो. अशी ओढलेली रेघ भिंतीएवढी केली तरी रेघच राहते. कॉम्प्युटर हे काम आपोआपही करतो, पण त्याच्या रेघेला शंभर गाठी. मी हातानंच करते. आणि करता करता लोकांच्या वाकड्या रेघा सरळ करून टाकते. कोणी सांगितलेलं नसतं. वाकडं दिसलं की माझे हात शिवशिवतात, त्याला काय करू?

ही गोष्ट दोन हजार सतराची. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि अळी काही केल्या मरत नव्हती. लोक दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र कालवून फवारत होते. चार्जिंगचे नवे पंप आले होते, त्यातून नुसतं धुकं सुटायचं. फवारणारा माणूस कपाशीत शिरला की दिसायचाच नाही, आणि औषध सरळ त्याच्या तोंडावर यायचं. जिल्ह्यात रोज कुठे ना कुठे माणसं चक्कर येऊन पडत होती. कोणाची नजर गेली, कोणी घरी परत आलंच नाही. पेपर उघडायची भीती वाटायची.

नवरात्र बसलं होतं. दुर्गा मंडळांचे फ्लेक्स, वर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या गाड्यांचे बॅनर. जेवायलाही फुरसत नव्हती. त्यात शनिवारी दुपारी रंजिता आली.

रंजिता म्हणजे चौदा किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यावरची आशाताई. घरोघरी गोळ्या वाटणारी, बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी. तिचा नवरा सुनील फवारणीच्या मजुरीला जायचा, सहा जणांच्या टोळीत. तिनं पिशवीतून वहीचं जोडपान काढलं. त्यावर पेन्सिलीनं काढलेली सहा चित्रं होती.

"ताई, हे कॉम्प्युटरमंदी टाकून देता का? आठ तांड्यांत वाटाचं हाय. सरपंचानं छपाई मंजूर केली."

"अवं, फवारणीची चित्रं तर माझ्याकडे तयार आहेत," मी म्हटलं. "कंपनीच्या कागदावर असतात ती."

"त्या कागदावरचा माणूस पाह्यला का तुमी? पांढरा सूट, बूट, चष्मा. तसा माणूस आमच्या तांड्यात आला त कुत्रे मागं लागतीन. लोक म्हणते, हे आपल्यासाठी नाई. माह्या चित्रातला माणूस आमचा पाह्यजे."

खरंच तिचा माणूस तांड्यातला होता. जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातांना बांधलेल्या पॉलिथिनच्या पिशव्या, नाकातोंडावर बायकोची ओढणी, पाठीवर पंप. औषध काडीनं ढवळणारा, खायच्या आधी साबणानं हात धुणारा. सहाव्या चित्रात तो औषधाचा डबा हातात घेऊन दवाखान्यात चालला होता.

"हा सुनील का?" मी चिडवलं.

ती लाजली. "मिशी त्याईचीच हाय." मग तिनं चौथ्या चित्रावर बोट ठेवलं. "हे ध्यानात ठेवा, ताई. वारा पाठीवर पाह्यजे. आता वारा कसा काढाचा? आमच्या तांड्यात कोणालेही वारा विचारा, तो पहिले मंदिरावरचा पांढरा झेंडा पाह्यते. म्हणून मी झेंडा काढला."

तेवढ्यात एका मंडळाच्या अध्यक्षाचा फोन आला, त्याचा फोटो फ्लेक्सवर लहान झाला म्हणून. मी रंजिताला मानेनंच "हो हो" केलं. सोमवारपासून तिचं चार दिवस यवतमाळला ट्रेनिंग होतं, छापलेले कागद सुनील येऊन नेणार होता. ती बस धरायला गेली.

रविवारी मी बसले. मन लावून केलं, हे मी शपथेवर सांगते. तिच्या माणसाची एकेक सुरकुती धरली, मिशी धरली, पंपाची नळी धरली. चौथ्या चित्रात माणूस डावीकडे तोंड करून चालला होता, तसाच ठेवला. झेंडा मात्र अगदीच वाकडा होता, दोरीवर वाळत घातलेल्या लंगोटासारखा. मी तो उडवला आणि माझा आणून बसवला. रंग पांढरा. दोन सेकंदांचं काम. खाली हिरवी बरोबरची खूण केली आणि राजदीपला म्हटलं, "काढ पाचशे."

सोमवारी सकाळीच सुनील आला. गठ्ठा मोटरसायकलला बांधता बांधता हसत होता. "ताई, लग्नाले अकरा वर्षं झाले, पण तिचं एकबी ऐकलं नाई मी. तोंडाले बांधा म्हणे, त म्या म्हणो, मी का डाकू हाय? पण आता भेव वाटते. आठवडी बाजारातला आमचा एक दोस्त गेला. या वर्षी शपथ घेतली, चित्रात हाय तसंच कराचं. अगदी टू द पॉइंट." गठ्ठा घेऊन तो गेला. दुपारपर्यंत आठही तांड्यांवर कागद पोहोचले.

बुधवारी सकाळी साडेआठला मी दुकान उघडलं. मूळ कागद मी कधी टाकत नाही, फाइलला लावते. रंजिताचं पान फाइलला लावायला घेतलं, त्याला पंचिंगची भोकं पाडली आणि सहज नजर गेली. तिचा झेंडा डावीकडे फडकत होता.

मी पहिल्यांदा कागदच उलटा धरला असेल म्हणून फिरवून पाहिला. नाही. माणसाचं तोंड डावीकडे, झेंड्याचं कापड डावीकडे. म्हणजे वारा पाठीवर. आणि माझ्या छापलेल्या कागदावर? माणसाचं तोंड डावीकडे, झेंडा उजवीकडे. म्हणजे वारा सरळ तोंडावर. त्याच्याखाली हिरवी खूण, बरोबर म्हणून. हे असंच करा म्हणून. पाचशे वेळा.

मी मोबाइल उचलला. सुनीलला फोन लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. रंजिताचा बंद, ट्रेनिंगमध्ये असणार.

राजदीपला दाखवलं. तो म्हणाला, "कोण पाह्यते वं ताई झेंड्याकडे? इतक्या वर्षांपासून फवारून राह्यले ते लोक. त्याईले का वारा समजत नाई?"

मला ते ऐकून इतकं बरं वाटलं! खरंच, कोण पाहतं? मी खुर्चीवर बसलेसुद्धा. मग आठवलं, तो पहिले झेंडाच पाह्यते, असं ती म्हणाली होती. आणि अगदी टू द पॉइंट, असं तो म्हणाला होता. मी रंजिताचा कागद पर्समध्ये कोंबला आणि स्कूटी काढली.

"अवं, सरपंचाचा बॅनर?" राजदीप ओरडला.

"चुलीत घाल तुझा बॅनर!"

चौदा किलोमीटरचा तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. सगळ्या खांबांवर माझेच फ्लेक्स, फ्लेक्सवर माझेच झेंडे. मी स्वतःला शिव्या घालत होते. लंगोट म्हणे! तुला कोणी विचारलं होतं, शहाणे? मध्येच वाटायचं, सुनील आज कामावर गेलाच नसेल, नवरात्रात सुट्टी असेल. पण दोन्ही बाजूंच्या कपाशीत पंपांची घरघर चालू होती. नवरात्र असो की काही, अळी थोडीच थांबते!

तांड्यावर शिरले तर दर तिसऱ्या-चौथ्या घराच्या दाराला कागद चिकटवलेला. सुनीलची आई, मोतीबाई, ओट्यावर बसली होती. मी गाडीवरूनच विचारलं, "मावशी, सुनील कुठं आहे?"

"ओढ्यापलीकडं, पाटलाच्या वावरात. सोमवारी दुपारपासून तिकडंच हायत सगळे. काहून वं बाई? एवढा घाम काहून आला तुले?"

मी गाडी तशीच पुढे काढली. गाडी ओढ्यापर्यंतच जाते. ओढ्यात उतरले तसा औषधाचा उग्र वास नाकात घुसला. वारा वावराकडून ओढ्याकडे येत होता. वर चढून पाहिलं आणि तिथंच रडू फुटलं.

त्यांनी सगळं केलं होतं. चित्रात होतं ते सगळं. पूर्ण बाह्या, हातांना पिशव्या, नाकातोंडावर ओढण्या. काडीनं ढवळलेली बादली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवलेली. साबणाची वडीसुद्धा होती. आणि धुऱ्यावर तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी, रोवून तिला पांढरा रुमाल बांधला होता, वारा कळावा म्हणून. रुमाल ओढ्याकडे फडकत होता, माझ्या दिशेनं. आणि ते सहाही जण मला पाठमोरे, तोंड वाऱ्याकडे करून एका ओळीत चालले होते. फवारलेलं सगळं धुकं परत त्यांच्याच अंगावर येत होतं.

"थांबा! बंद करा! अवं, थांबा ना!"

पंपांच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नाही. मी कपाशीत शिरले, कपडे ओले झाले, डोळे चुरचुरायला लागले. सगळ्यात मागे हिरासिंग होता, टोळीतला वयानं मोठा. त्याचा खांदा धरून मी ओढला. "पंप बंद करा! वारा तोंडावर घेताय तुम्ही! पाठ करा वाऱ्याकडे!"

त्यानं पंप बंद केला आणि ओढणी खाली केली. "मले उलटंच वाटे, बाई," तो म्हणाला. "दोन दिवस झाले, तोंडावरच येऊन राह्यलं. पण सुनील म्हणे, छापलेलं हाय, हिरवी खूण हाय, आपल्याले काय समजते?"

एकेकजण बाहेर आला. सुनील सगळ्यात शेवटी. चालताना त्याचा तोल जात होता, ओठांतून लाळ गळत होती. मला पाहून तो हसला. "आं? दोन-दोन साधनाताई आल्या?" त्याला गंमत वाटत होती. पुढच्या क्षणी तो धुऱ्यावर बसला आणि भडाभडा ओकला.

मग मी काय केलं, काय नाही, सांगता येत नाही. त्याचे कपडे काढले, अंगावर पाणी ओतलं, साबण लावला. हिरासिंगनं भाच्याची जीप मागवली. जीपमध्ये सुनीलला टाकत असताना एक जण धावत गेला आणि औषधांचे रिकामे डबे घेऊन आला. "सहाव्या चित्रात हाय," तो म्हणाला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दिग्रसच्या दवाखान्यात डब्यांवरची नावं वाचून लगेच इंजेक्शन दिलं आणि अँब्युलन्सनं यवतमाळला पाठवलं. बाकीच्या पाचही जणांना तपासून तिथंच ठेवायचं ठरलं, पण हिरासिंग ऐकेना. सुनीलला एकटं सोडणार नाही म्हणून तो जीपनं मागे निघाला, वाटेत मोतीबाईला घेतलं. मीही त्याच जीपमध्ये बसले. अख्ख्या रस्त्यात तो एकच वाक्य बोलत होता. "देवासारखी आली, बाई, तुमी. अजून एक तास फवारलं असतं त आमी सगळेच गेलो असतो." मोतीबाईनं माझे हात हातात घेतले आणि कपाळाला लावले. मी हात काढून घेऊ शकले नाही. पर्स मांडीवर होती. त्यातला कागद मला पर्सच्या कातड्यातून टोचत होता.

वॉर्डात दोन्ही बाजूंनी खाटा होत्या आणि बहुतेक खाटांवर फवारणीवालेच. सुनीलला सलाईन लावलं होतं. डोळे उघडे, पण समोर हात हलवला तरी पापणी लवत नव्हती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, डबे आणले हे फार चांगलं केलं. जीव वाचेल. नजर बहुतेक परत येईल, पण दिवस लागतील, आत्ताच काही सांगता येत नाही.

बहुतेक! त्या एका शब्दावर मी तिथं उभी होते.

रंजिता ट्रेनिंगमधून धावतच आली. कोणीतरी तिथं निरोप दिला होता. ती रडली नाही. सुनीलच्या कपाळावर हात ठेवून तिनं हिरासिंगला विचारलं, "तोंडाले बांधलं होतं ना? हात झाकले होते ना? मंग झालं कसं?"

हिरासिंगनं खिशातून चौपदरी घडी केलेला कागद काढला. "सगळं असंच केलं, पोरी. असंच्या असं."

रंजितानं कागद उलगडला. चित्रांवरून एकेक बोट सरकवत चौथ्यावर आली आणि थांबली. मी तिच्या शेजारीच उभी होते.

"झेंडा उलटा हाय," ती म्हणाली. मग हळूहळू खाली बसली. "माह्याच हातानं झालं. सैपाक करता करता काढून राह्यली होती. माह्याच हातानं उलटा निघाला असंन."

"तुह्या चित्रानं माह्या लेकाचे डोळे नेले?" मोतीबाई किंचाळली. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं वळून पाहायला लागली. रंजितानं मान खाली घातली.

आत्ता बोल, असं मी स्वतःला म्हटलं.   पण मी व्हरांड्यात निघून आले आणि राजदीपला फोन लावला, आणि त्यानं मला काय सांगावं?

"तिले ठाऊक नाई ना? मंग कायले बोलते? केस झाली त दुकान बंद होईन, ताई. आई-बाबा आपल्यावरच हायत. तो कागद फाडून टाक. सुनील वाचला ना? मंग झालं."

व्हरांड्याच्या कोपऱ्यात कचऱ्याचा डबा होता. मी कागद पर्समधून काढला. खोटं कशाला बोलू, काढला. त्याच्या कडेला सकाळी पाडलेली दोन भोकं होती. रंजिताची पेन्सिल कुठं कुठं पुसट झाली होती. सुनीलच्या मिशीवर तिनं दोनदा गिरवलं होतं. मी तो दोन्ही हातांच्या चिमटीत धरून किती वेळ उभी राहिले कोण जाणे. फाडायला एक क्षण पुरतो. हातांनी ऐकलं नाही, एवढंच. आत जाऊन सांगायचं धाडसही होत नव्हतं. अशी मी मध्येच लटकले होते, तेवढ्यात रंजिता पिशवी खांद्याला लावून वॉर्डातून बाहेर आली, मागोमाग मोतीबाई.

"नवरा इथं पडला अन् तू चालली कुठं?"

"तांड्यांवर," रंजिता म्हणाली. सासूला ती याडी म्हणायची, म्हणजे आई. तिचा आवाज मेलेला होता. "आठ तांड्यांत कागद गेले, याडी. आपल्या तांड्याले हिरासिंगकाकानं फोन केला, बाकी सात राह्यले. सकाळी पुन्हा पंप निघतीन. घरोघरी जाऊन सांगाच लागन, का माह्यं चित्र चुकलं, माह्यं ऐकू नका. आता याच्यापुढं मी कोणाले काही सांगणार नाई. आशाचं काम बी सोडते. कोणत्या तोंडानं कोणाच्या घरी जाऊ?"

ती निघालीच होती. मी तिचा हात धरला आणि तिला परत वॉर्डात आणलं, सुनीलच्या खाटेजवळ. हिरासिंग तिथंच होता. मी कागद खाटेवर पसरला.

"हे तुझं चित्र आहे, रंजिता. पाहा."

तिनं पाहिलं. मग छापलेला कागद त्याच्या शेजारी ठेवला. पुन्हा पाहिलं.  सुनीलनं आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवलं. त्याचे डोळे माझ्यावरून सरळ पलीकडे गेले.

"काय झालं? कोणीकडं हाय झेंडा?" त्यानं विचारलं. "सांगा ना कोणी."

रंजिता सांगणार नव्हती. ते मलाच सांगायचं होतं.

"डावीकडे, सुनीलभाऊ. रंजितानं बरोबर काढला होता. मी बदलला. तिचा पुसून माझा लावला."

मोतीबाईला जीपमध्ये कपाळाला लावलेले माझे हात आठवले असतील की काय, तिनं पदरानं आपलं कपाळ पुसलं. हिरासिंग भिंतीकडे पाहत राहिला.

"मी सांगतलं होतं तुमाले," रंजिता म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "चौथं ध्यानात ठेवा म्हटलं होतं."

"हो."

"मंग काहून बदलला?"

काय सांगणार? फोन आला होता? काम फार होतं? मी खरं तेच सांगितलं. "तुझा झेंडा वाकडा वाटला मला."

सुनीलनं चाचपडत हात पुढे केला. रंजितानं तो धरला. "म्हंजे तू बरोबर होती," तो म्हणाला, आणि त्याच्या त्या काही न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "मले तेच पाह्यजे होतं. मी म्हटलं, पहिल्यांदा बायकोचं ऐकलं अन् तेबी..." 

रंजितानं तिचं पान उचललं, घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मी कुठं जात नाई आता. मी इथं बसते. तुमी जा सातही तांड्यांत. पेननं खोडू नका, कागद काढून आणा. अन् माह्यं नाव नका घेऊ, ताई. तुमचं घ्या."

जीपनंच निघाले. हिरासिंग सोबत आला, पण माझ्याशी बोलला नाही. पहिल्या तांड्यावर पोहोचलो तेव्हा चुली पेटल्या होत्या, शेतावरून आलेली माणसं हातपाय धूत होती. समाजमंदिराच्या भिंतीशी सकाळसाठी पंप चार्जिंगला लावलेले, एका रांगेत. त्यांच्या वरच, भिंतीवर, माझा कागद. हिरासिंगनं हाक मारून लोक गोळा केले आणि स्वतः बाजूला जाऊन उभा राहिला.

मी कागद भिंतीवरून ओढून काढला.  "मी साधना, दिग्रसची," मी म्हटलं. "हे चित्र मी छापलं. यातला झेंडा मी चुकीचा लावला. असं फवारू नका. वारा पाठीवर घ्या. रंजितानं बरोबर सांगितलं होतं, चूक माझी आहे."

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. कोणी तरी एक शिवी हासडली, ती मला लागली आणि लागायलाच पाहिजे होती. मी पुन्हा सगळं सांगायला लागले, तेवढ्यात मागून एक बाई पुढे आली. कडेवर लेकरू होतं. तिनं माझ्या हातातला कागद निरखून पाहिला.

"सोमवारपासून ज्याईनं असंच फवारलं, त्याईचं काय?" तिनं विचारलं. "आमचे दुपारीच वापस आले. डोकं दुखते म्हणे. तवापासून झोपूनच हायत, उठवलं तरी उठून नाई राह्यले."

"घर कुठं आहे?" मी ओरडले. ती धावत सुटली, आणि मी तिच्या मागे.